भोगीपर्यंत भाकरी नाही

"शोभाताई, भाकरी कधीपासून बंद आहे?"

अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात, स्ट्रेचरशेजारी उभ्या राहून डॉक्टर मॅडमनी हे विचारलं तेव्हा मला वाटलं, या बाईच्या अंगात येत असावं. कारण भाकरीचं मी कुणाजवळ बोललेच नव्हते. बोलायला श्वासही पुरत नव्हता. भर उन्हात पळत आल्यासारखी मी धापा टाकत होते आणि जीभ टाळूला चिकटली होती.

"गणपती उठल्यापासून," आमचे हे म्हणाले. "पण उपाशी न्हाई ऱ्हात, मॅडम. पनीर, अंडी, लोणी, समदं पोटभर खाती."

मॅडमनी माझ्या पिशवीतली गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून वाचली. मग माझ्या मनगटातून काढलेल्या रक्ताचा कागद बघितला.

"साखर एकशे चौऱ्याहत्तर. म्हणून कुणाला शंका आली नाही. पण रक्त आम्लात गेलंय. युग्लायसेमिक डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस. लगेच आयसीयूत घ्यायचंय."

एवढं लांबलचक नाव ऐकून आमचे हे टेकायला बाकडं शोधू लागले. मला ते पुढे चार दिवसांत समजलं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखी एखादी असणारच.

अन्नातून साखर मिळाली नाही की शरीर चरबी जाळतं. चरबी जळताना कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात. थोडे असले तर काही बिघडत नाही. पण त्याच वेळी अंगात इन्शुलिन कमी पडलं, तर ते वाढत जातात आणि रक्त आंबट करून टाकतात. एरवी मधुमेहाच्या माणसाला असं होतं तेव्हा त्याची साखर चारशे-पाचशेच्या घरात गेलेली असते, त्यामुळे लगेच ओळखू येतं. 'युग्लायसेमिक' म्हणजे साखर जवळपास ठीक असताना झालेलं. घरच्या मशीनवर साखर बरी दिसते, आपण निर्धास्त राहतो आणि आत रक्त नासत असतं.

मी केजची. बाजाराच्या बोळात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. आमचे हे तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतात. अर्ध्या केजच्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. कोण सुटली, कोण वाळली, हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं. माझं स्वतःचं माप मात्र मी कित्येक वर्षं घेतलं नव्हतं, कारण काय निघणार ते माहीत होतं. वय सत्तेचाळीस, वजन ब्याऐंशी किलो आणि सहा वर्षांपासून शुगर.

मागच्या वर्षी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक नवी गोळी दिली. ही गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. या जातीच्या गोळ्यांना एसजीएलटी-टू इनहिबिटर म्हणतात. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि किडनीलाही तिचा फायदा होतो. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "उपास असेल, उलट्या-जुलाब असतील, ऑपरेशन असेल, तेव्हा ही घ्यायची नाही."

मी हे अगदी पाठ करून ठेवलं. चतुर्थी आली की गोळी बंद, एकादशी आली की गोळी बंद. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे उपासाला आपण काय खातो? साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळी, वर दोन केळी. म्हणजे ज्या दिवशी माझ्या पोटात सगळ्यात जास्त पिष्ट जायचं, त्या दिवशी मी इमानदारीनं गोळी बंद ठेवायची. आणि महिन्यातले बाकीचे दिवस, जेव्हा भाकरीचा तुकडाही पोटात नसायचा, तेव्हा सकाळी उठून गोळी घ्यायची. कारण माझ्या डोक्यात उपास म्हणजे चतुर्थी. अंडी खाऊन कुठं उपास होतो?

डाएट माझ्याकडे एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधून आलं. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता. तो चालवणाऱ्याला सगळे 'सर' म्हणायचे. सरांना मी आजपर्यंत पाहिलेलं नाही, नुसता आवाज ऐकलाय. भाकरी, पोळी, भात, गूळ, केळी, बटाटा बंद. अंडी, पनीर, लोणी, काकडी, पालेभाजी चालू. उपासाचे दिवस तेवढे मी त्यातून वगळले होते. गणपती उठले त्या दिवशी मी सुरुवात केली आणि पहिल्याच महिन्यात सहा किलो उतरले.

खोटं कशाला बोलू, मला लई आनंद झाला. गुडघे हलके झाले. साखर उतरली. मशीनवर बसले की पोट मांडीवर येईना. सरांनी माझे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारीशेजारी लावून ग्रुपवर टाकले. दुकानात बायका ब्लाऊज सोडून मलाच बघायला यायला लागल्या.

तेव्हा मी एक काम केलं, ज्याची आता मला लाज वाटते. ब्लाऊज शिवताना दोन्ही कुशींच्या शिवणीत इंच-दीड इंच जादा कापड ठेवतात. बाई सुटली तर शिवण उसवून मोठं करता यावं म्हणून. "आत कापड ठेवा वो," हे प्रत्येक गिऱ्हाईक न चुकता सांगतं. मी माझे सगळे ब्लाऊज आवळून घेतले आणि आतलं जादा कापड कात्रीनं कापून टाकलं. म्हटलं, परत फुगायचंच नाही तर कापड कशाला?

बायकांना मी डाएटला लावलं, पण आठ-दहा दिवसांत एकेक जण गळायला लागली. घरात सगळ्यांसाठी भाकऱ्या थापायच्या आणि आपण काकडी खायची, हे सोपं नसतं. मग मला युक्ती सुचली. आपल्या लोकांचं पथ्य मोडतं, पण देवापुढं घेतलेलं वचन मोडत नाही. माझ्या आईनं काशीला वांगं सोडलं ते मरेपर्यंत तोंडात घातलं नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला केजच्या देवीच्या देवळात गेलो तेव्हा मी चौदा जणींना पायरीवर उभं केलं. देवीपुढचा भंडारा घेतला आणि एकेकीच्या कपाळाला लावला. भोगीपर्यंत भाकरी नाही. भोगीच्या तिळाच्या भाकरीनंच सोडायचं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला पक्कं बांधायचं होतं. मी त्यांच्याकडून म्हणवून घेतलं, "मोडलं तर माझ्या लेकराबाळांना लागो." दोघी-तिघी चरकल्या. तेव्हा मी ठोकून दिलं, की देवळातल्या गुरवबाबांनीच सांगितलंय, वचन घेताना असंच म्हणावं लागतं. गुरवबाबांचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

त्या चौदा जणींत दसऱ्यासाठी आमच्याकडे आलेली माझी धाकटी जाऊ सुनीता होती. ती घाटनांदूरला राहते. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तिथंच असतात. दीर शेती बघतात. त्यांच्या मुलाचं नाव ओम. सुनीता माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचे सगळे ब्लाऊज मी शिवलेत. मी 'बस' म्हटलं की बसणार, 'ऊठ' म्हटलं की उठणार, अशी ती. दोन वर्षांपूर्वी तिला शुगर निघाली तेव्हा मीच तिला माझ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तिलाही तीच गोळी चालू झाली.

"अक्का, भाकरीबिगर मला जमल का वो?" ती पायरीवर म्हणाली होती.

"मी हाय ना," मी म्हणाले.

पुढचं सगळं येळवशीला सुरू झालं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या त्या भागात या दिवशी गाव ओस पडतं, सगळी माणसं रानात. ज्वारीच्या ताटांची कोपी, म्हणजे खोपटं करायचं, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करायची आणि मग सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातल्या आंबिलावर ताव मारायचा. घाटनांदूरच्या आमच्या रानात मी आणि सुनीता उकडलेल्या अंड्यांचा डबा घेऊन एका बाजूला बसलो होतो. आत्याबाईंनी प्रसादाचं ताट पुढं केलं. मी म्हटलं, "आत्याबाई, वचन हाय." त्यांनी ताट उचललं आणि दुसऱ्यांना वाढायला गेल्या.

मला त्याआधी दोन दिवस मळमळत होतं. सरांना विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं, "कीटो फ्लू आहे, शरीर विष बाहेर टाकतंय, मीठ-लिंबाचं पाणी प्या." म्हणून मी पीत होते. कोपीच्या सावलीत सुनीता हळूच म्हणाली, "अक्का, मला बी सकाळधरनं मळमळल्यावानी होतंय."

"होतं अधनंमधनं," मी म्हणाले. "मीठपाणी पी."

हे माझे शब्द आहेत. सरांचे नाहीत, माझे.

संध्याकाळी केजला आले आणि उलट्या सुरू झाल्या. पोटात कळा येत होत्या. मशीनवर साखर बघितली तर एकशे अठ्ठावन्न. मग काय काळजी? दुसऱ्या दिवशी जवळच्या एका दवाखान्यात जाऊन पित्ताचं इंजेक्शन घेतलं. डाएटचं तिथं मी सांगितलंच नाही. डॉक्टर बंद करायला लावतील आणि वचन मोडेल, ही भीती. तिसऱ्या दिवशी शिलाई मशीनवर बसल्याबसल्या श्वास लागला. गिऱ्हाईक म्हणालं, "शोभाक्का, तुमच्या तोंडाला पिकल्या फळाचा वास येतोय." भाकरी बंद असल्याचं मॅडमनी ओळखलं ते याच वासावरून. त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. आमच्या ह्यांनी गाडी करून अंबाजोगाईला आणलं.

आता आयसीयूचं सांगते. कुणी जवळचं तिथं असेल तर त्याला आत काय वाटत असेल ते कळावं म्हणून.

खाटेला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे असतात, ते वर करून ठेवतात. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताला पंपानं थेंबथेंब इन्शुलिन. लघवीला नळी. छातीवर चिकटवलेल्या वायरी. कुशीवर वळायचं म्हटलं तरी काहीतरी ओढलं जातं आणि मशीन ओरडायला लागतं. थोड्याथोड्या वेळानं मनगटाच्या शिरेतून नव्हे, धमनीतून रक्त काढतात. त्या तपासणीला एबीजी म्हणतात. रक्त किती आंबट आहे हे त्यात समजतं. ती सुई हाडापर्यंत गेल्यासारखी लागते. पोटॅशियमची बाटली लावली की हात जळतो. खिडकी नव्हती. समोर घड्याळ होतं, त्यात दहा वाजले की सकाळचे की रात्रीचे ते सिस्टरला विचारावं लागायचं.

मग मला साखरेचं सलाईन लावलं. मी घाबरले. शुगरच्या पेशंटला साखर? मॅडमनी समजावलं, "कीटोन थांबवायला इन्शुलिन द्यावंच लागतं. नुसतं इन्शुलिन दिलं तर साखर एकदम खाली जाईल. म्हणून एका हातातून साखर, दुसऱ्यातून इन्शुलिन." तीन महिने जिच्यापासून मी पळत होते, ती आता नळीनं अंगात जात होती आणि मी बघत पडले होते.

त्याच वेळी पडद्यापलीकडे मॅडम आमच्या ह्यांना म्हणाल्या, "हा आहार आणि ही गोळी एकत्र झाली म्हणून हे घडलं."

आणि मला सुनीता आठवली. तोच आहार, तीच गोळी, तीच मळमळ. वर मी दिलेलं मीठपाणी.

मी उठायचा प्रयत्न केला. सिस्टरनं खांदे दाबून खाली निजवलं. मी ओरडले, "सुनी… गोळी… भाकर खा म्हणावं." जीभ कोरडी, शब्द अर्धेच निघत होते. सिस्टर म्हणाली, "मावशी, गप पडून ऱ्हावा." फोन मागितला तर म्हणे, आत चालत नाही. आमच्या ह्यांना दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं आत सोडायचे. त्यांना मी परत परत तेच सांगितलं. ते "हो, हो" म्हणत माझ्या पायावरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या वेळी विचारलं, "सांगितलं का सुनीताला?"

"सांगितलं की."

पंचवीस वर्षं संसार केलाय. खोटं बोलताना ते शर्टाच्या खिशातलं पेन चाचपतात. तेव्हाही त्यांनी पेन चाचपलं. पुढे मला कळलं, की रक्त आंबट झालं की पेशंट बरळतात, असं त्यांना कुणीतरी बाहेर सांगितलं होतं. त्यांनी माझं बोलणं बरळण्यात जमा केलं. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. पण राग काढायलाही जागा नव्हती. कठड्याला धरून मी नुसती रडले आणि मशीन ओरडलं म्हणून सिस्टर परत आली.

मरणाची भीती मला त्या दिवशी वाटली नाही. मला वाटत होतं, मी बरी होईन आणि घाटनांदूरहून वाईट बातमी येईल.

दुसऱ्या दिवशी डोकं साफ झालं. ह्यांना समोर उभं केलं आणि म्हटलं, "मी बरळत न्हाई. सात नव्वे?"

"त्रेसष्ट."

"बरळणारी बाई पाढे विचारती का? आता खरं सांगा."

तेव्हा त्यांनी सांगितलं. भावाला फोन केला होता. भाऊ म्हणाला, सुनीताची शुगर एकशे तीस आहे, ठणठणीत आहे, जराशी मळमळ तेवढी. भाकरी खा म्हटलं तर ती ऐकत नाही. का ऐकत नाही, ते सांगताना हे खाली बघायला लागले.

"बायकांत बोलणं चाललंय, की तू चोरून भाकर खाल्ली म्हणून देवीनं तुला धरलं. सुनीता म्हणती, अक्कासारख्या बाईची ही गत झाली, मी मोडलं तर माझ्या ओमला काय होईल?"

मी आजारी पडले म्हणून तरी त्या सावध होतील, असं मला वाटत होतं. झालं उलटंच. माझ्या आजारानं माझ्याच वचनाची गाठ आणखी घट्ट केली. आणि ती सोडवायला मी जाऊ शकत नव्हते. हाताला नळ्या, आणि बाहेर पडले तरी माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. जिनं वचन मोडलं, ती दुसऱ्यांना मोडायला सांगणारच.

एकच गोष्ट सांगितली तर गाठ सुटणार होती, आणि ती सांगितली तर केजमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. मी सकाळच्या राऊंडची वाट बघितली.

मॅडमना सगळं सांगितलं, गुरवबाबांसकट. मॅडम रागावतील असं वाटलं. त्या फक्त म्हणाल्या, "फोन लावा. व्हिडिओ लावा." ह्यांनी फोन माझ्यापुढं धरला. पलीकडे सुनीता. गाल बसलेले, ओठ पांढरे. चार दिवसांत बाईचा चेहराच उतरला होता.

आधी मॅडम बोलल्या. "ती गोळी आजपासून बंद. आणि आत्ता निघून इकडे या, रक्त तपासायचंय."

"गोळी बंद करते, मॅडम. पर दवाखान्यात न्हाई येणार. तिथं आलं की तुमी खायला लावताल. भोगीला बारा दिवस ऱ्हायलेत."

मी म्हटलं, "सुने, माझ्याकडं बघ. सकाळधरनं किती उलट्या झाल्या?"

तिनं फोनसमोरून तोंड फिरवलं.

"सुने!"

"दोन. पर मीठपाणी पितीय, अक्का. तुमीच सांगितलंय."

मला वाटलं, आता भुई दुभंगावी. मी डोळे मिटले आणि बोलले. "ते लेकराबाळांचं वाक्य गुरवबाबांनी नव्हतं सांगितलं. मी सांगितलं. तुमी पळून जाऊ ने म्हणून मी मनानं जोडलं. गुरवबाबांना तर ठावं बी न्हाई. त्यांना इचार जाऊन."

"कावून?" एवढंच तिनं विचारलं.

"मला मिरवायचं होतं म्हणून. चौदा जणी माझ्यामागं हायत, हे दाखवायचं होतं."

तिनं फोन तोंडाजवळ आणला. मग ती म्हणाली, "अक्का, माझ्या ओमचं नाव घेऊन तुमी खोटं बोललाव?"

"हो."

तिनं फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मॅडमनी ह्यांना सांगितलं, भावाला लावा आणि म्हणावं उचलून आणा. मला पुन्हा निजवलं. त्या दिवशी दुपारी समोरच्या घड्याळाचा काटा मी जितक्यांदा बघितला, तितक्यांदा जन्मात बघितला नसेल. नळी लावलेला माणूस वाट बघण्याशिवाय काय करणार?

अडीच वाजता सिस्टर येऊन म्हणाली, "मावशी, तुमची जाऊ आली खाली." घाटनांदूरहून जीपनं आणलं होतं. तिचे कीटोन वाढलेले होते, रक्त नुकतंच आंबट व्हायला लागलं होतं. तिला आयसीयूची गरज पडली नाही. वॉर्डात दोन दिवस सलाईन आणि इन्शुलिन, आणि मग जेवण. मॅडम मला म्हणाल्या, "आणखी एक-दोन दिवस गेले असते तर तुमच्या शेजारची खाट लागली असती."

मी चौथ्या दिवशी वॉर्डात आले. तिथं मॅडमना सरळच विचारलं, हे डाएट वाईट आहे का? कारण खरं सांगायचं तर मला त्याचा फायदाही झाला होता.

मॅडम म्हणाल्या, "भाकरी कमी करून वजन आणि साखर उतरते, ते खोटं नाही. काही पेशंटना मीसुद्धा पिष्ट कमी करायला सांगते. पण गोळ्या बदलून, तपासण्या करून. तुमची गोळी वाईट नाही, आहारही विष नाही. तुम्ही त्या दोघांचं लग्न लावलंत आणि भटजीला विचारलं नाही." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "इन्शुलिन घेणारे, ही गोळी घेणारे, किडनीचा त्रास असणारे, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, यांनी मनानं असलं काही सुरू करायचंच नाही. आणि मळमळ, उलटी, पोटात कळ, धाप, यातलं काही झालं तर घरच्या मशीनवर साखर बरी दिसली तरी घरी बसायचं नाही. डॉक्टरला आहार काय आणि गोळी कुठली, हे दोन्ही सांगायचं. कीटोन तपासा, असं तोंडानं म्हणायचं."

हे मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलंय. सरांना पण पाठवलं होतं. त्यांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं. आधीचा आणि नंतरचा फोटो मात्र अजून तिथंच आहे, असं ऐकते.

घरी आल्यावर बाकीच्या जणींना दुकानात बोलावून सगळं सांगितलं. गोळीवाली आणखी एक निघाली, तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. दोघींनी त्यानंतर माझ्याकडे शिवायला टाकणं बंद केलं. एक म्हणाली, "देवीचं नाव घेऊन फसवलंस." ती खरंच बोलली. गुरवबाबांच्या पाया पडायला गेले तेव्हा ते म्हणाले, देवीनं भाकर कधी मागितली नाही आणि कधी नाकारली पण नाही, जा घरी. भोगीला मी तिळाची अर्धी भाकरी खाल्ली, मॅडमनी लिहून दिली होती तेवढीच. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं आणि आमचे हे शेजारी बसून उगीचच पेन चाचपत होते.

त्या दवाखान्यातल्या सिस्टर, सुई टोचताना "झालं, मावशी" म्हणणारा तो लॅबवाला आणि मॅडम, यांचे उपकार आहेत. पण मला सगळ्यात मोठी चिंता सुनीताची होती. वॉर्डात आम्ही दोन दिवस समोरासमोरच्या खाटांवर होतो. तिनं मला पाणी दिलं, उशी सरळ केली, पण बोलली नाही. घरी गेल्यावर फोन नाही. दीड महिना गेला.

मग एका बाजाराच्या दिवशी ती दुकानात आली. हातात पिशवी. माझं वजन तोवर चार किलोनं वाढलं होतं, तिचंही थोडं वाढलेलं दिसत होतं. तिनं पिशवीतून दसऱ्याचा हिरवा ब्लाऊज काढून मशीनवर ठेवला. आम्हा दोघींचे ते ब्लाऊज मी एकाच कापडातून शिवले होते.

"घट्ट व्हायलाय," ती म्हणाली.

मी शिवण उलटी केली. आत दीड इंच कापड जसंच्या तसं होतं. गिऱ्हाइकाचं आतलं कापड शिवणाऱ्यानं कापायचं नसतं आणि मी तिचं कापलं नव्हतं. तेव्हा तिचं लक्ष माझ्या अंगाकडे गेलं. मीही तोच हिरवा ब्लाऊज घातला होता आणि दोन्ही कुशींना दुसऱ्याच कापडाच्या पट्ट्या लावल्या होत्या, कारण माझ्यात उसवायला काही शिल्लकच नव्हतं.

"हे काय वो? तुमच्यात कापड न्हवतं ठिवलं?"

"न्हाई. कापून टाकलं होतं."

तिनं ती पट्टी बोटांनी चाचपून बघितली. मग आपला ब्लाऊज माझ्यापुढं सरकवला. "माझ्यातलं काढा मग. रंग बी जुळतोय. तुमाला लावून घ्या."

दीड महिन्यांनी ती माझ्याशी एवढं बोलली होती. मला हुंदका आवरला नाही आणि मी आवरलाही नाही.

"नगं," मी म्हणाले. "तुझं तुझ्यात ऱ्हाऊ दे. फुडं लागंल."

तिच्या ब्लाऊजची शिवण मी अर्धा इंच उसवली, नवी टीप मारली आणि उरलेलं कापड आत तसंच दुमडून ठेवलं.